पार्श्वभूमी: पंख्याची चौथी पिन

जुन्या पीसीत पंखा असे तो एसएमपीएसपुरता, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यापुरता. प्रोसेसरवर वेगळा पंखा बसू लागला इंटेलच्या ४८६ प्रोसेसरच्या काळात. पुढे मदरबोर्डवर तीन पिनांचं हेडर (पंख्याची वायर जोडायची जागा) आलं: ग्राउंड, १२ व्होल्ट आणि दर फेऱ्याला दोन पल्स देऊन वेग कळवणारी टॅको. वेग कमी करायचा तर व्होल्टेज उतरवायचं, आणि फार उतरवलं की पंखा सुरूच होत नसे.

२००४ च्या सुमारास प्रोसेसर भलतेच तापू लागले, तेव्हा एका मोठ्या चिप कंपनीने चौथी पिन आणली. १२ व्होल्ट कायम राहणार. वेग ठरवणार चौथ्या पिनेवरचा पीडब्ल्यूएम सिग्नल, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा इशारा, सुमारे २५ किलोहर्ट्झचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा. सिग्नल आलाच नाही तर पंखा पूर्ण वेगाने फिरेल, हेही तेव्हाच ठरलं. कोकणपट्टीवर हे शहाणपणाचं ठरलं. खाऱ्या दमट हवेने इथे पिनांवर थर चढतो. चौथी पिन अशी गेली तर पंखा नुसता भणभणतो, प्रोसेसर सुखरूप राहतो. टॅकोची पिन गेली, तर पंखा फिरत असूनही मशीन सुरू होताना 'सीपीयू फॅन एरर' दाखवून अडतं. मालवण-देवगडकडे अशी सूचना दिसली, तर नवा पंखा घेण्याआधी पिना पुसून पाहाव्यात.

खरा घोळ मदरबोर्डवाल्यांनी घातला. प्रोसेसरच्या हेडरवर अस्सल पीडब्ल्यूएम दिलं. कॅबिनेटच्या पंख्यांसाठीही चार पिनांचंच हेडर दिलं, पण कित्येक बोर्डांवर त्यातली चौथी पिन नावापुरती. वेग बदले तो व्होल्टेज उतरवूनच. त्यावर महागडा पीडब्ल्यूएम पंखा लावला की कमी व्होल्टेजवर तो अडखळे, आणि गिऱ्हाईक दोष देई दुकानदाराला. तीन पिनांचे जुने पंखे पीडब्ल्यूएम हेडरवर सतत पूर्ण वेगाने फिरतात, त्यांच्यासाठी ही सोय, असा बचाव होता. तो खोटा नाही. पण मग हेडरशेजारी तसं स्पष्ट छापायला काय हरकत होती? चार पैसे वाचवण्याचा मामला होता, असंच वाटतं.

पुढे बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) प्रत्येक हेडरला डीसी (व्होल्टेज उतरवून), पीडब्ल्यूएम किंवा ऑटो निवडायची सोय आली आणि भांडण बरंचसं मिटलं. किती तापमानाला किती वेग, याचा आलेखही तिथेच आखता येतो. मात्र पुण्यातल्या थंडीत बसवलेला आलेख चिपळूणच्या मे महिन्यात चालत नाही: पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि इथली हवा रात्रीही फारशी उतरत नाही.

आता पंखेच इतके झालेत की हेडर पुरत नाहीत. साधारण हेडर एक अँपिअरचं, म्हणून जास्त पंख्यांसाठी एसएमपीएसकडून वीज घेणारा हब, म्हणजे अनेक पंखे जोडायची पेटी, लावतात. सिग्नल सगळ्यांना एकच, पण बोर्डाला वेग कळतो सहसा एकाच पंख्याचा. बाकीच्यांतला एखादा गंजून थांबला, तर कॅबिनेट उघडेपर्यंत पत्ता लागत नाही.