केबलच्या बिलात नको त्या रकमा आल्या कुठून?

केबलवाला महिन्याला दारात येऊन पावती फाडायचा, तेव्हा बिलातून वगळण्यासारखं काही नसायचंच. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांत गच्च्या-गच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या. त्या ॲनालॉग वायरीतून सगळे चॅनेल सरसकट सगळ्या घरांत जात. एखादं एका घरापुरतं बंद ठेवायची सोय नव्हती, म्हणून भावही एकच, गल्लीत ठरेल तो. १९९५ साली केबलचा कायदा आला. प्रसारण ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, कक्षेत आलं ते २००४ च्या जानेवारीत. ट्रायने लगेच २६ डिसेंबर २००३ चे दर गोठवले.

निवडून पैसे भरण्याचा मुंबईतला पहिला प्रयोग म्हणजे ‘कॅस’. २००७ च्या सुरुवातीला दक्षिण मुंबईत किमान ३० मोफत (म्हणजे स्वतःची किंमत नसलेल्या) चॅनेलना मिळून ७७ रुपये अधिक कर आणि पैसे मोजून घ्यायच्या प्रत्येक चॅनेलला ५ रुपये, असा साधा हिशेब होता. तो शहरभर पसरला मात्र नाही. मग डिजिटायझेशन आलं: मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत, पुणे-नागपूरसारख्या शहरांना ३१ मार्च २०१३ ची. घरोघर सेट-टॉप बॉक्स बसला, पण पॅक ऑपरेटरच ठरवत राहिला.

आजच्या बिलाचा सांगाडा ट्रायच्या ३ मार्च २०१७ च्या नियमांचा आहे. कोर्टकज्जे होऊन सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ ला ते उचलून धरले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते घराघरांत लागू झाले. बिलाचे दोन तुकडे झाले: वायरीचं भाडं, म्हणजे नेटवर्क क्षमता शुल्क (एनसीएफ), आणि चॅनेलची किंमत. तेव्हा १०० चॅनेलपर्यंत एनसीएफ जास्तीत जास्त १३० रुपये होता. १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे.

घोळ झाला तो इथेच. मोफत चॅनेलही त्या शंभरात मोजले जात आणि एचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचं, चॅनेल एकाऐवजी दोन धरलं जाई. शंभराची यादी न बघितलेल्या मोफत चॅनेलनी भरलेली असली, की वर घेतलेलं एकच चॅनेल बिलाला पुढच्या २५ चॅनेलच्या टप्प्यात ढकले. त्या टप्प्याचा एनसीएफ २० रुपयांपर्यंत, करासह २३ रुपये ६० पैसे. चॅनेलची किंमत आणखी वेगळी. म्हणजे फुकट चॅनेलनेच बिल वाढवलं! दोन-चार मोफत चॅनेल काढले की तो टप्पा गळून पडे, पण फारच थोड्यांनी काढले. ज्यांनी निवडच कळवली नाही त्यांना ऑपरेटरने आपल्या अंदाजाने पॅक लावून दिलं.

दुसरी गळती बुकेची, म्हणजे एकत्र बांधून विकलेल्या चॅनेलच्या गठ्ठ्याची. बुकेवर १५ टक्क्यांहून जास्त सवलत नको, ही मूळ अट मद्रास उच्च न्यायालयात टिकली नाही. मग सुटी किंमत चढी ठेवायची आणि बुके स्वस्त करायचा, हे सोपं झालं. बुकेत बसणाऱ्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांपर्यंतच ठेवायची होती, म्हणून लोकप्रिय चॅनेलांच्या दरपत्रकात १९ चा आकडा जागोजागी दिसू लागला. समजा, १९ चे दोनच चॅनेल बघायचे आहेत, तर सुटे ३८ रुपये. बुके ४९ चा असेल तर बारा चॅनेल मिळतात खरे, पण ११ रुपये आणि त्यावरचा कर न बघितलेल्या दहांचा. तीन चॅनेल हवे असतील तर सुटे ५७ होतात, तेव्हा बुकेच परवडतो. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय बुके काढूही नये आणि घेऊही नये.

१ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने १३० रुपयांत २०० चॅनेल बसवले, दूरदर्शनचे सक्तीचे चॅनेल मोजणीबाहेर ठेवले आणि त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीचा एनसीएफ ४० टक्क्यांवर आणला. १९ ची मर्यादा १२ करायचाही प्रयत्न झाला. तो वाद न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीत १९ परत आले, जोडीला बुकेवर कमाल ४५ टक्के सवलतीची अट.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने एनसीएफची कमाल मर्यादाच काढली. बॉक्स बसवण्याच्या ३५० आणि चालू करण्याच्या १०० रुपयांवरची बंधनंही गेली. त्यामुळे ‘१३० च्या वर घेता येत नाही’ असं केबलवाल्याला आता ऐकवून उपयोग नाही. त्याच्याकडे फोडलेलं बिल मागा: एनसीएफ किती, कोणते बुके, सुटे चॅनेल कोणते, दुसऱ्या बॉक्सचे किती. एकाच चॅनेलची एसडी (साधं) आणि एचडी अशी दोन्ही रूपं लागली आहेत का, हे आधी पाहा. एका बुकेत ती दोन्ही ठेवायला मनाई आहे, पण दोन वेगवेगळ्या बुक्यांतून ती सहज शिरतात. आणि क्रिकेटच्या मोसमात घेतलेला क्रीडा बुके अजून चालू आहे का, तेही.