ज्याचं जळतं, त्यालाच कळतं

इंग्लंडमध्ये मानसिक संकटातून नुकत्याच सावरलेल्या ४४१ जणांवर एक प्रयोग झाला. सर्वांना स्वतःची काळजी घ्यायला शिकवणारी एकच वही दिली. काहींना ती टपालाने आली, तर काहींसोबत ती भरायला कुणीतरी येऊन बसलं, तेही स्वतः अशा आजारातून गेलेलं. वर्षभरात पुन्हा तातडीचे उपचार लागले ते पहिल्या गटात ३८ टक्के लोकांना, दुसऱ्या गटात २९ टक्के. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे आकडे छापून आले. वही तीच होती, फरक सोबतीचा होता. या सोबतीला पिअर सपोर्ट म्हणतात.

ट्रान्सजेंडर व्यक्तींना या सोबतीची जास्तच गरज पडते. कुठल्या स्वच्छतागृहात जायचं, रिक्षावाला काय बोलेल, कागदावरचं जुनं नाव कोण मोठ्याने वाचेल? शरीर सतत सावध राहतं, ताणाची संप्रेरकं उसंत घेत नाहीत आणि झोप, भूक, मन सगळंच झिजतं. मानसशास्त्रात याला ‘अल्पसंख्याक ताण’ म्हणतात. दुखण्याचं मूळ त्या माणसाच्या लिंगभावात नसतं, भोवतालच्या वागणुकीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत ट्रान्स असणं मानसिक विकारांतून वगळलं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नावाचा अभ्यास. अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या १२९ ट्रान्स तरुणांना विचारलं, की तुम्ही निवडलेल्या नावाने तुम्हाला कुठे कुठे हाक मारतात? घर, शाळा, नोकरी, मित्र. यांपैकी एका जरी जास्तीच्या ठिकाणी ते नाव वापरलं जात असेल, तर आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी आढळले. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण नावाने हाक मारायला खर्च तरी काय येतो!

म्हणूनच ट्रान्स पिअर सपोर्टरला नुसतं ऐकून भागत नाही. केसपेपरवरचं नाव बदलून घ्यायला तीच रुग्णालयाच्या खिडकीशी उभी राहते, वॉर्ड कोणता यावरून वाद घालते. हक्कासाठीचं हे भांडण मी उपचारातच धरते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तो खिडकीपर्यंत पोचवायला असं कुणीतरी लागतंच.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘ट्रान्स लाइफलाइन’ ही ट्रान्स व्यक्तींसाठीची मदतीची फोनसेवा सुरू झाली. तिथे फोन उचलणाराही ट्रान्सच असतो आणि बोलणाऱ्याच्या संमतीशिवाय पोलिसांना कळवलं जात नाही. पोलीस दारात येतील या धास्तीने माणूस तोंडच उघडत नाही, हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मात्र दुसऱ्याचं ऐकताना स्वतःच्या जखमेवरची खपली निघते. हे काम करणारीला ठरलेला पगार हवा, सुट्टी हवी आणि तिचं ऐकणारं माणूसही हवं. अनेक ठिकाणी तिला अजून ‘स्वयंसेविका’ म्हणून फुकट राबवतात.