आफ्रिकेने मुलांसाठी वेगळा करार का केला?

१६ जूनला आफ्रिकेत बालदिन असतो, पण फुगे-चॉकलेटवाला नाही, तो एका गोळीबाराचा दिवस आहे. १९७६ साली दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गला लागून असलेल्या सोवेटोत हजारो काळी शाळकरी पोरं मोर्चा घेऊन निघाली. निमित्त भाषेचं होतं. सरकारने १९७४ मधे हुकूम काढला होता की काळ्या मुलांच्या शाळेत गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून शिकवायचे, म्हणजे राज्यकर्त्यांच्या भाषेतून, जी पोरांना येत नव्हती आणि बऱ्याच मास्तरांनाही धड येत नव्हती. पण खरा राग जुना होता, १९५३ च्या बांटू एज्युकेशन कायद्यापासूनचा. काळ्या पोराने मजुरीपुरतं शिकावं, त्याहून जास्त शिकवून करायचंय काय, असा तो सगळा हिशोब. १९७५-७६ ला सरकार एका गोऱ्या मुलामागे वर्षाला ६४४ रँड खर्च करायचं आणि काळ्या मुलामागे ४२.

पोलिसांनी गोळ्या घातल्या. १२ वर्षांचा हेक्टर पीटरसन गेला. त्याला उचलून एक मुलगा पळतोय आणि शेजारी त्याची बहीण धावतेय, हा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे बघितलेला असतो. सॅम एनझिमा या फोटोग्राफरने पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून तो रोल मोज्यात लपवला होता, म्हणून जगाला दिसला तरी. सरकारने आधी २३ मेल्याचं सांगितलं, पुढे हाच आकडा कमीत कमी १७६ वर गेला. १९९१ पासून आफ्रिकन देशांच्या आफ्रिकी एकता संघटनेने हा दिवस मुलांच्या नावाने पाळायला सुरुवात केली.

पण त्याच्या आधी एक करार झाला होता आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कुणी बोलत नाही. युनोचा बालहक्क करार सगळ्यांना माहिती असतो, नोव्हेंबर १९८९ चा. त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी, जुलै १९९० मधे, आदिस अबाबाला आफ्रिकन देशांनी मुलांचे हक्क आणि कल्याण यासाठी स्वतःची वेगळी सनद मंजूर केली. एक करार ताजा ताजा असताना लगेच दुसरा कशाला? कॉपी-पेस्ट असेल असंच आधी वाटतं.

तर तसं नाहीये. एक तर विषय आधीपासून चालू होता, १९७९ ला मोनरोव्हियात आफ्रिकन मुलांबद्दल एक जाहीरनामा झालेला. दुसरं म्हणजे युनोचा मसुदा तयार होताना आफ्रिकेतले मोजकेच देश त्यात धड सहभागी होते, आणि सगळ्या जगाला चालेल असं काही लिहायचं म्हटलं की बऱ्याच गोष्टी सैल ठेवाव्या लागतात. युनोच्या करारात मूल म्हणजे १८ च्या आतलं, पण देशाच्या कायद्यात सज्ञान व्हायचं वय आधी असेल तर तेवढी सूट. आफ्रिकन सनदेत सूटच नाही, १८ म्हणजे १८. लढाईत भाग घ्यायला युनोने तेव्हा १५ ची रेघ मारली होती, इथे १८ च्या आतल्या कुणालाही सैन्यात घ्यायचं नाही. लग्नही १८ च्या आत नाही आणि प्रत्येक लग्नाची सक्तीने नोंदणी. भीक मागायला मुलांना वापरायचं नाही हे स्पष्ट लिहिलंय. वर्णभेदाखाली जगणाऱ्या मुलांसाठी वेगळं कलम, तुरुंगातल्या आयांच्या मुलांसाठी वेगळं, आणि शाळेत असताना गरोदर राहिलेल्या मुलीला पुढे शिकता आलं पाहिजे हेसुद्धा. शिवाय मुलांची कर्तव्यं आहेत, आईवडिलांचा आणि मोठ्यांचा मान ठेवावा वगैरे, ज्यावर बाहेरचे अभ्यासक नाक मुरडतात पण आपल्याला त्यात फारसं काही वावगं वाटणार नाही. आणि त्याच सनदेत हेही आहे की जी रूढी मुलाच्या हक्काच्या आड येते तिला आवर घालायचा. मला हे दोन्ही एका कागदावर असणं जास्त प्रामाणिक वाटतं.

आता कागद चांगला होता पण पुढे काय, तर नऊ वर्षं काहीच नाही. लागू व्हायला फक्त १५ देशांची मान्यता लागणार होती, तेवढी जमायला नोव्हेंबर १९९९ उजाडलं. युनोचा करार वर्षाच्या आत लागू झाला होता. त्यानंतर ११ जणांची एक समिती नेमली (आता तिचं ऑफिस लेसोथोत मासेरूला आहे), देश काय करतायत ते बघायचं, तक्रारी ऐकायच्या, निर्णय द्यायचा. दंडुका मात्र नाही.

पहिला निर्णय आला थेट २०११ मधे, आणि तो केनियातल्या नैरोबीच्या किबेराशी जोडलेला होता. किबेरा म्हणजे प्रचंड झोपडपट्टी एवढंच आपण ऐकलेलं असतं, पण ही वस्ती सुरू झाली ती न्युबियन सैनिकांपासून. हे मूळचे सुदानचे, ब्रिटिशांनी आपल्या फौजेत घेतले, लढवले आणि मग नैरोबीच्या कडेला जंगलात वसवले, जमिनीचा कागद न देता. ब्रिटिश गेले आणि नव्या केनियाने विचारलं, तुम्ही कोण? चार पिढ्या तिथेच जन्मल्या तरी ओळखपत्र काढायला गेलं की न्युबियन मुलाला वेगळ्या चौकशी समितीपुढे उभं राहावं लागायचं, आजोबांचे कागद आणा वगैरे. मुळात जन्मनोंदच नीट व्हायची नाही कारण आईबापांचेच कागद अर्धवट. समितीने सांगितलं की जन्माची नोंद आणि राष्ट्रीयत्व मुलाला जन्मापासून मिळालं पाहिजे, १८ व्या वर्षी अर्ज करा मग बघू हे चालणार नाही, आणि कागद नसल्यामुळे त्यांच्या शिक्षण-आरोग्यावर परिणाम होतोय तोही भेदभावच. २०१७ मधे न्युबियन समाजाला २८८ एकर जमिनीचा सामूहिक मालकीहक्क मिळाला. मूळ वसाहत चार हजार एकरांच्या वर होती हे लक्षात घ्या.

मग २०१४ ला सेनेगल. तिथे दारा म्हणजे कुराण शिकवणाऱ्या शाळा, तालिबे म्हणजे शिकणारी पोरं. गावात पोरं दारोदार जाऊन जेवण मागायची, आपल्याकडे पुण्यात माधुकरी मागून शिकायचे तसंच जवळपास, गाव पोसायचं आणि विद्यार्थ्याला नम्रपणा यायचा असा समज. १९७० च्या दशकात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडला, दारा शहराकडे सरकल्या आणि अन्नाच्या जागी पैसे आले, रोजचा कोटा ठरला, कमी आणले तर मार. रस्त्यावर दिवसभर डबा घेऊन हिंडणारी हजारो पोरं. भीक मागायला लावणं हा २००५ च्या कायद्याने गुन्हा होता, पण धर्मगुरूंना हात लावायची कुठल्या सरकारची टाप? २०१३ ला राजधानी डाकारच्या मेदिना भागात अशा एका दारेला आग लागून आतली मुलं गेली तेव्हा सगळे हळहळले आणि कडक कारवाईच्या घोषणा झाल्या. समितीने सेनेगलला दोषी धरलं, सनदेतल्या भीक मागण्याच्या त्या कलमाखालीही. पोरं अजूनही रस्त्यावर दिसतात.

टांझानियाने सनद मान्य केली होती, तरी तिथे गरोदर मुलींना शाळेतून काढलं जायचं, आणि २०१७ मधे राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी भर सभेत सांगितलं की मी असेपर्यंत अशा मुली परत शाळेत येणार नाहीत. मागुफुली २०२१ च्या मार्चमधे वारले, त्यांच्या जागी सामिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे बंदी उठली. समितीचा निर्णय २०२२ मधे जाहीर झाला, म्हणजे वरात गेल्यावर घोडं आलं असं कुणीही म्हणेल, पण त्यात दोन गोष्टी होत्या ज्या बंदी उठवून आपोआप होत नाहीत: शाळांमधून मुलींच्या सक्तीच्या गर्भचाचण्या बंद करा, आणि आधी ज्यांना काढलंय त्यांना परत प्रवेश द्या.