यलोस्टोन निर्मनुष्य नव्हतं
अमेरिकेतलं यलोस्टोन म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान, उकळत्या कारंज्यांच्या भीतीने आदिवासी तिकडे फिरकतच नसत, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. तिथे माणसाचा वावर किमान ११,००० वर्षांचा. तिथल्या ऑब्सिडियन क्लिफची काळी ज्वालामुखी काच सुमारे २,००० वर्षांपूर्वी पार ओहायोपर्यंत पोचली होती! डोंगरी मेंढ्यांची शिकार करणारे टुकुडिका शोशोनी आदिवासी तर तिथेच राहत. १८७२मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १८७७मध्ये अमेरिकी सैन्यापासून निसटणाऱ्या नेझ पर्स जमातीच्या आदिवासींची तिथे पर्यटकांशी चकमक झाली. पाहुणे बिचकू नयेत म्हणून अधीक्षक फिलेटस नॉरिस यांनी भीतीची कथा पसरवली आणि टुकुडिकांना बाहेर काढलं गेलं. हा अन्याय आहे, कारण आजही २७ जमाती या भूमीशी आपलं नातं सांगतात.