आघाताची जाण आणि आघातावरचा उपचार
शिक्षक, वसतिगृहांचे अधीक्षक आणि बालगृहांतील काळजीवाहक यांच्या प्रशिक्षणवर्गांत एक गल्लत मी इतक्या वेळा पाहिली आहे की, आता ती स्पष्ट मांडलीच पाहिजे. आघाताची, म्हणजे मुलाच्या मनावर खोल जखम करून गेलेल्या अनुभवाची, जाण ठेवून मुलांशी वागणे वेगळे आणि मुलाच्या आघातावर उपचार करणे वेगळे. मॅक्सिन हॅरिस आणि रॉजर फॅलट या अमेरिकी तज्ज्ञांनी २००१ सालीच हा फरक मांडला होता.

उपचार म्हणजे काय, हे बहुतेकांना ठाऊक असते. प्रशिक्षित तज्ज्ञ, ठरलेली वेळ, गोपनीयता आणि मुलाच्या तयारीनुसार त्या आठवणींवर केलेले काम. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

घोळ होतो तो जाणिवेच्या बाबतीत, आणि त्याचे मूळ एका वाक्यात आहे. ‘याचे काय बिघडले आहे?’ असे न म्हणता ‘याच्यावर काय ओढवले असेल?’ असे म्हणा, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वर्गात शिकवले जाते. तो प्रश्न मोठ्या माणसाने स्वतःच्या मनात विचारायचा असतो, मुलाला नव्हे, एवढे मात्र सांगायचे राहून जाते. मग काय होते, ते मी एका बालगृहात पाहिले. नऊ वर्षांच्या एका मुलाच्या उशीखाली वाळलेल्या पोळ्या सापडल्या. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आलेल्या ताईंनी अत्यंत मायेने, पण इतर मुलांसमोर, त्याला विचारले, “घरी तुला उपाशी ठेवायचे का रे?” त्या रात्री तो जेवलाच नाही.

त्या पोळ्यांचे कारण त्याच्या तोंडून वदवून घेण्याची काहीच गरज नव्हती. त्याच्या कपाटात फुटाण्यांचा एक डबा ठेवायचा, तो रिकामा झाला की न बोलता भरायचा, झोपताना सकाळी आठ वाजता पोहे आहेत असे सांगायचे आणि आठ वाजता पोहे द्यायचे. दिलेला शब्द रोज पाळला गेला की उद्याही अन्न मिळेल, याची खात्री मुलाला हळूहळू पटू लागते. एवढे करायला मुलाचा पूर्वेतिहास ठाऊक असावा लागत नाही, म्हणून हे स्वयंपाकाच्या मावशींना आणि पहारेकऱ्यालाही शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मूल आपणहून बोलू लागले, तर अर्थातच ऐकावे, मात्र खोदून विचारू नये आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच देऊ नये, कारण बोलणे लैंगिक अत्याचाराविषयी असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तसे कळवावे लागेल, हेही मुलाला त्याच वेळी सोप्या शब्दांत सांगावे.

जाण ठेवणे म्हणजे लाड करणे, हा गैरसमज त्यामानाने किरकोळ आहे. नियम असावेत, ते आधी सांगितलेले असावेत आणि रोज तेच असावेत. आपला आवाज चढलाच, तर नंतर मुलाजवळ जाऊन “मघाशी मी ओरडलो, ते माझे चुकले” असे म्हणण्याचा सराव प्रत्येक प्रशिक्षणात मोठ्यांकडून प्रत्यक्ष करून घ्यावा, आणि त्यासाठी दोन दिवसांतला निदान अर्धा दिवस राखून ठेवावा.