तळहातावरचं पेन

आई नाशिकच्या एका रुग्णालयात ॲडमिट होती. सकाळी आठला नवी सिस्टर रात्रपाळीवालीकडून ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, घ्यायची आणि ऐकता ऐकता तळहातावर पेनने लिहायची: बेड ४, शुगर, ११ वाजता. कामाला लागून तिला तीनच आठवडे झाले होते. पदवी आपल्या दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, मार्कही चांगले. तरी ट्रॉली घेऊन निघाली की तिचे ओठ सारखे पुटपुटत असायचे.

ते पुटपुटणं म्हणजे अभ्यास कच्चा असल्याची खूण नव्हे. आत्ता लागणारी माहिती मेंदू जिथे धरून ठेवतो, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ही जागा भलतीच अपुरी असते. १९५६ साली मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी तिची मर्यादा साधारण सात गोष्टींची सांगितली. २००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणली. मुरलेल्या सिस्टरच्या डोक्यातही चारच खण असतात, फक्त तिच्या एकेका खणात पुष्कळ मावतं. लागलेली धाप, गार हात, पळती नाडी, कमी झालेली लघवी या नवीच्या लेखी चार वेगळ्या नोंदी. जुनीला ते एकच चित्र दिसतं आणि ती सरळ डॉक्टरांना फोन लावते. असे गठ्ठे पाठांतराने बांधले जात नाहीत. त्यासाठी पेशंट बघावे लागतात, आणि बघताना शेजारी 'याचा हात धरून बघ, कसा लागतोय' म्हणणारं कुणीतरी लागतं.

म्हणून सुरुवातीचे महिने एकाच वॉर्डात, एकाच अनुभवी सिस्टरच्या जोडीने ड्युटी हवी. माणूस कमी म्हणून आज इथे, उद्या तिथे पाठवलं, की कापूस कुठल्या कपाटात आहे हे शोधण्यातच एक खण जातो.

उरलेले खण आपण नातेवाईक खातो. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिका औषधं देत असताना निरीक्षण केलं गेलं; २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर एका व्यत्ययामागे औषधाच्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या होत्या. गंमत म्हणजे अनुभवी परिचारिकाही यातून सुटल्या नव्हत्या. हे वाचल्यावर मला माझंच आठवलं. ती नवी सिस्टर शेजारच्या काकांचं इंजेक्शन भरत असताना 'सिस्टर, सलाईन संपत आलंय हो' असं मी एका सकाळी तीनदा म्हणालो होतो. सलाईन अजून अर्ध्यावर होतं.

त्याच सकाळी आईच्या बेडपाशी येण्याआधी तिने नियमाप्रमाणे हातांना सॅनिटायझर चोळलं. बेड ४ आणि ११ ची वेळ, दोन्ही निळ्या डागात विरघळले. ती तळहाताकडे बघत उभीच राहिली. इनचार्ज सिस्टरनी ते लांबून पाहिलं. काही न बोलता त्यांनी एक कोरा कागद घेतला, उभे बेड, आडवे तास अशा रेघा मारल्या आणि घडी घालून तिच्या खिशात सरकवला.