नाव नवं, इंजिन तेच: लिनक्ससाठी दुसरा ब्राउझर निवडताना

लिनक्सवर क्रोमियम (क्रोमचं खुल्या कोडचं रूप) उघडून एखाद्या साइटवर गेलात की पान मागताना ब्राउझर त्या साइटला स्वतःची ओळख सांगतो. ती साधारण अशी असते: ‘मोझिला ५.०, एक्स११, लिनक्स, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी’. एका दमात सहा नावं, आणि त्यातलं खरं एकच. मोझिला तो नाही, सफारी तर लिनक्सवर मिळतच नाही, आणि केएचटीएमएल नावाचं इंजिन (पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग) केव्हाच निकालात निघालं. ‘एक्स११’ ही पडद्यावर खिडक्या मांडणारी जुनी व्यवस्था, पण संगणक वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालत असला तरी ते नाव तसंच.

ही थापेबाजी नव्वदच्या दशकातली. नेटस्केप हा तेव्हाचा ब्राउझर स्वतःला मोझिला म्हणवायचा. काही साइट ‘मोझिला’ हे नाव दिसलं तरच फ्रेम असलेली चांगली पानं पाठवत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनंही तेच नाव सांगायला सुरुवात केली. पुढे येणारा प्रत्येक जण आधीच्यांची नावं स्वतःला चिकटवत गेला. पण या थापेत एक वंशावळ दडली आहे, आणि दुसरा ब्राउझर शोधायला निघालेल्यानं ती आधी वाचावी. नाहीतर घर बदलल्याचा आनंद होतो आणि मागाहून कळतं की नुसती पाटी बदलली होती.

१९९८ साली केडीई डेस्कटॉप बनवणाऱ्या मंडळींनी कॉन्करर या ब्राउझरसाठी केएचटीएमएल लिहायला घेतलं. (नावातली खोच अशी की आधी नेव्हिगेटर आला, मग एक्सप्लोरर, आता जिंकणारा.) २००१ मध्ये ॲपलनं ते उचललं. परवाना मुक्त असल्यानं तशी मुभा होतीच, फक्त केलेले बदल खुले ठेवायचे होते. जानेवारी २००३ मध्ये सफारी जाहीर झाला आणि इंजिनाचं नाव वेबकिट पडलं. २००८ चा क्रोम याच वेबकिटवर उभा राहिला. २०१३ मध्ये गुगलनं वेगळी चूल मांडली, तिचं नाव ब्लिंक. त्याच वर्षी ऑपेरानं आपलं प्रेस्टो इंजिन सोडून हीच वाट धरली, आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही त्याच पंगतीत येऊन बसला. केडीईच्या सहाव्या पिढीत केएचटीएमएल काढून टाकलं गेलं. कॉन्करर अजून आहे, पण पानं दाखवतो क्रोमियमच्या इंजिनावर. पणजोबा पणतवाच्या घरी राहायला गेले म्हणायचे.

इंजिन म्हणजे ब्राउझरचा तो भाग, जो पानाचा मजकूर वाचतो, त्याचा वृक्ष बांधतो, कुठली चौकट कुठे आणि केवढी हे गणित करतो, जावास्क्रिप्ट चालवतो आणि शेवटी पडद्यावर चित्र उमटवतो. हे काम अवाढव्य आहे, त्यामुळे आजचं सगळं वेब पेलू शकणारी इंजिनं जेमतेम तीन उरली आहेत. लिनक्सवर क्रोम, क्रोमियम, ब्रेव्ह, विवाल्दी, ऑपेरा, एज, फाल्कन हे सगळे ब्लिंकवाले. फायरफॉक्स, लिब्रवुल्फ आणि टॉर ब्राउझर गेकोवाले, म्हणजे मोझिलाच्या इंजिनावरचे. वेबकिटची लिनक्सवरची शाखा वापरणारा ठळक ब्राउझर एकच, ग्नोम डेस्कटॉपचा ‘वेब’, ज्याला जुनी मंडळी एपिफनी म्हणतात. म्हणजे क्रोम सोडून विवाल्दी घेतला तर टॅब मांडायची पद्धत बदलते, आपली माहिती कुणाकडे जाते ते बदलतं, पण इंजिन जागचं हलत नाही. यात वाईट काही नाही, फक्त माहीत असावं. (विवाल्दीच्या बाह्यरूपाचा कोड खुला नाही. ज्यांना त्याची अडचण आहे त्यांना हे एक कारण पुरतं.)

ब्राउझर बदलायचं सर्वांत मोठं कारण मात्र इंजिन नसतं, रॅम असते. ‘हलका ब्राउझर सांगा’ ही मागणी ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवाल्याकडून हमखास येते, आणि तुलना करताना बहुतेक जण मोजमापातच फसतात. आजचा ब्राउझर म्हणजे एक प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्रॅम) नसते. वेगवेगळ्या साइटसाठी तो वेगवेगळ्या प्रक्रिया चालवतो. २०१८ च्या सुरुवातीला स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यावर क्रोमनं ही विभागणी कडक केली, आणि २०२१ मध्ये फायरफॉक्सनंही तीच आणली. आता समजा, १०० एमबीची एक लायब्ररी (तयार कोडचा संच) दहा प्रक्रिया मिळून वापरताहेत. रॅममध्ये ती एकदाच असते. पण चालू प्रक्रियांच्या नेहमीच्या यादीतला ‘आरएसएस’ हा आकडा ती प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण चढवतो. दहांची बेरीज १००० एमबी दिसते, प्रत्यक्षात गेले १००. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘पीएसएस’ नावाचा दुसरा आकडाही देतो. त्यात सामायिक भाग वाटून घेतला जातो, प्रत्येकाच्या वाट्याला १० एमबी. स्मेम नावाचं छोटं साधन हाच आकडा दाखवतं. दोन ब्राउझरमध्ये तीच पाच पानं उघडा, थोडा वेळ जाऊ द्या आणि पीएसएसची बेरीज करा. फरक वाटला होता त्याहून कमीच निघेल, कारण मेमरी मुख्यतः खातं ते पान, त्याच्या जाहिराती आणि त्याची जावास्क्रिप्ट. भांडं बदलून डाळ कमी होत नाही.

म्हणूनच जुन्या संगणकावर सर्वांत उपयोगी पडतो तो जाहिराती अडवणारा विस्तार, आणि इथे मात्र इंजिनांच्या घराण्यांत खरा फरक आहे. क्रोमनं विस्तारांसाठीचे नियम बदलले, ‘मॅनिफेस्ट व्ही३’ म्हणतात ते. त्यात प्रत्येक मागणी पाहून ती जागीच अडवण्याची मुभा सामान्य विस्तारांकडून काढून घेतली गेली, आणि मूळ यूब्लॉक ओरिजिन या लोकप्रिय विस्ताराला क्रोममधून जावं लागलं. फायरफॉक्सनं ती मुभा ठेवली आहे. ब्रेव्हनं अडवण्याचं काम विस्ताराकडे न ठेवता ब्राउझरमध्येच बांधलं. माझ्यापुरतं बोलायचं तर फायरफॉक्स रोजचा राहिला तो यामुळेच.

आता सुरक्षिततेकडे, कारण ‘छोटा, कुणाला माहीत नसलेला ब्राउझर म्हणजे सुरक्षित’ हा समज अजून टिकून आहे. परक्या साइटचा कोड आपल्या संगणकावर चालवणं हे ब्राउझरचं कामच. म्हणून तो पान रंगवणाऱ्या प्रक्रियेला कोंडून ठेवतो. लिनक्सवर ही कोठडी कर्नलच्या दोन सोयींवर उभी असते. नेमस्पेस त्या प्रक्रियेला जवळपास रिकामं जग दाखवतात, तर सेकॉम्प तिनं कर्नलकडे काय मागावं आणि काय नाही याची चाळणी लावतो. फाइल हवी असेल तर तिनं मुख्य प्रक्रियेकडे हात पसरायचा.

उबुंटू या लिनक्स वितरणानं २४.०४ आवृत्तीपासून साध्या प्रोग्रॅमना असे नेमस्पेस बनवायला आडकाठी केली, कारण त्याच वाटेनं कर्नलमधल्या चुकांचा फायदा घेतला जात होता. पॅकेजमधून आलेल्या नेहमीच्या ब्राउझरना सूट असते. पण ॲपइमेज (एकाच फाइलमध्ये बांधलेला प्रोग्रॅम) म्हणून हातानं उतरवलेला क्रोमियम घराण्यातला ब्राउझर बऱ्याचदा सुरूच होत नाही. टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) उघडला की ‘वापरता येईल असा सँडबॉक्स नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. सँडबॉक्स म्हणजे हीच कोठडी. नेटवर शोधलं की उत्तर मिळतं, ‘नो-सँडबॉक्स’ हा पर्याय जोडा. जोडल्यावर चालतो, अर्थात चालणारच. कोठडीचं दारच काढून ठेवलं की कैदी मजेत फिरतो. एकदा रात्री घाईत मीही हे केलं होतं, आणि शॉर्टकटमध्ये तो पर्याय तसाच कित्येक दिवस राहून गेला. फ्लॅटपॅकची (प्रोग्रॅम बांधून वाटण्याची आणखी एक पद्धत) गोष्ट निराळी. तो बाहेरून स्वतःची भिंत घालतो, पण त्याच्या आत ब्राउझरला नेहमीच्या पद्धतीनं नेमस्पेस बनवता येत नाहीत, त्यामुळे आतल्या भिंती वेगळ्या तऱ्हेनं बांधाव्या लागतात.

कोठडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे दुरुस्ती तुमच्यापर्यंत किती दिवसांत येते. कोड खुला असतो, म्हणून दुरुस्ती जाहीर झाली की नेमकी चूक कुठे होती हे हल्लेखोरही वाचू शकतो. क्रोम किंवा फायरफॉक्सची नवी आवृत्ती ज्या दिवशी येते, त्या दिवसापासून त्यावर बेतलेल्या प्रत्येक ब्राउझरची घटिका सुरू होते. त्यांनी ते बदल घ्यायचे, पुन्हा बांधायचं, पाठवायचं. क्रोमियम घरच्या साध्या संगणकावर बांधायला कित्येक तास लागतात. एकटा माणूस फावल्या वेळात चालवत असलेला ब्राउझर इथेच मागे पडतो. त्यामुळे नवा ब्राउझर घेण्यापूर्वी मी एकच गोष्ट बघतो: त्याच्या मागच्या चार-पाच आवृत्त्या मूळ ब्राउझरच्या किती दिवसांनंतर निघाल्या.

डिस्ट्रोच्या (लिनक्स वितरणाच्या) भांडारातला क्रोमियम घेणाऱ्यांना दोन गोष्टी खटकतील. १५ मार्च २०२१ पासून गुगल खात्याशी बुकमार्क जुळवण्याची सोय फक्त क्रोमपुरती उरली. आणि सशुल्क व्हिडिओ बऱ्याचदा चालत नाहीत, कारण त्यांना लागणारं वाइडवाइन हे बंदिस्त कुलूप त्यात नसतं. फायरफॉक्स ते विचारून उतरवून घेतो.

मोठ्या तीन घराण्यांबाहेरचे ब्राउझर मला फार प्रिय आहेत. १९९२ पासून चालू असलेला लिंक्स टर्मिनलमध्ये नुसता मजकूर दाखवतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडून काळा पडदा समोर असताना दुरुस्तीची माहिती वाचायला त्याच्यासारखा सोबती नाही. (देवनागरी जोडाक्षरं टर्मिनलमध्ये तुटतात, तेवढं सोसायचं.) डिलो १९९९ चा. बरीच वर्षं निजला होता, २०२४ मध्ये नव्या आवृत्तीसह उठून बसला. त्यात जावास्क्रिप्ट नाही, त्यामुळे बँकेची साइट त्यात उघडणार नाही, पण एखाद्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका डोळ्याचं पातं लवेपर्यंत समोर येते. कोऱ्या पाटीवर लिहिलं जाणारं लेडीबर्ड आणि रस्ट भाषेतलं सर्वो ही दोन इंजिनं मात्र आज कौतुकानं पाहायची, रोजच्या कामाला धरायची नाहीत. लेडीबर्डच्या मंडळींनी पहिली अल्फा आवृत्ती २०२६ साठी योजली आहे.

माझ्या मते संगणकावर दोन ब्राउझर असावेत, दोन वेगळ्या इंजिनांचे. रोजचं एकावर, आणि एखादी साइट अडून बसली तर दुसऱ्यावर. बिघाड साइटमध्ये आहे की आपल्या ब्राउझरच्या मांडणीत, हेही त्यातून अर्ध्या मिनिटात कळतं.

सामान हलवताना एका जागी हमखास ठेच लागते. क्रोमियम घराणं साठवलेले पासवर्ड कुलूपबंद करतं आणि किल्ली सहसा ग्नोम कीरिंग किंवा केवॉलेट या डेस्कटॉपच्या तिजोरीत ठेवतं. त्यामुळे प्रोफाइलचा फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेला तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. फायरफॉक्स किल्ली त्याच फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणून सगळं सुखरूप पोहोचतं. अर्थात तुमचा तो फोल्डर दुसऱ्या कुणी उचलला तर त्याच्याकडेही तितकंच सुखरूप पोहोचतं, सेटिंगमध्ये जाऊन मुख्य पासवर्ड लावलेला नसेल तर.